'आहे' काय करते?

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्ही एका विद्यार्थ्याचे दोन गुण कापले. प्रश्न साधा होता. दिलेल्या वाक्यांतील क्रियापदे ओळखून ती कोणत्या प्रकारची आहेत ते लिहायचे होते. त्यांतले एक वाक्य होते 'हा माझा भाऊ.' विद्यार्थ्याने लिहिले, 'या वाक्यात क्रियापद नाही.' नमुना उत्तरात मात्र 'आहे हे क्रियापद अध्याहृत' असे छापलेले होते. आम्ही लाल रेघ ओढली आणि पुढच्या उत्तराकडे वळलो. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका मुलीने 'आकाश निळे आहे' या वाक्यातील 'आहे' हे सहायक क्रियापद ठरवले होते. मुख्य क्रियापद कोणते, या रकान्यात तिने 'निळे' लिहिले होते. तिचेही गुण गेले.

या दोन चुका पुढे बरेच दिवस आमच्या बोलण्यात येत राहिल्या, कारण दोघांनीही आम्हीच शिकवलेली व्याख्या प्रामाणिकपणे लावून पाहिली होती. क्रिया दाखवून वाक्याचा अर्थ पूर्ण करतो तो शब्द म्हणजे क्रियापद, अशा आशयाची व्याख्या मराठी मुलाला शाळेतच पाठ होते. मग 'आहे'मध्ये क्रिया कोणती? आकाश काय करते? 'जात आहे', 'लिहीत आहे' अशा रूपांत 'आहे'ला सहायक म्हणावे हेही त्या मुलीला शिकवलेले होते. क्रिया नसलेला तो शब्द येथेही दुय्यम असणार, असा तिचा तर्क. व्याख्येशी इतके इमान राखणारे विद्यार्थी आम्हाला फारसे भेटत नाहीत. प्रश्न व्याख्येचा होता, आणि ती आली कोठून हे पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

इंग्रजी शिकवणारे सहकारी या बाबतीत निर्धास्त असतात. त्यांच्याकडे क्रियादर्शक आणि संयोजक अशी क्रियापदांची सरळ विभागणी आहे. धावणे, खाणे, फेकणे एका बाजूला आणि कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारे 'इज', 'बिकम', 'सीम' दुसऱ्या बाजूला. कसोटीही सोपी: शंका आली की क्रियापदाच्या जागी 'इज' घालून पाहावे. वाक्य टिकले तर क्रियापद संयोजक, कोसळले तर क्रियादर्शक. ही विभागणी आपल्या शालेय व्याकरणात 'अपूर्ण विधान क्रियापद' आणि 'विधानपूरक' या नावांनी आली आहे. 'राम राजा झाला' यातील 'झाला' अपूर्ण विधानाचे आणि 'राजा' हे त्याचे पूरक. या संज्ञा घडल्या त्या इंग्रजी शालेय व्याकरणांच्या सहवासात. भारतात शिक्षणखात्यात काम केलेल्या जे. सी. नेसफील्ड यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांवर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. अपूर्ण विधानाची क्रियापदे आणि त्यांची पूरके हे त्या पुस्तकांतले हमखास प्रकरण. परंतु त्या संज्ञांमागे युरोपीय विचाराची जी दीर्घ परंपरा उभी होती ती पुस्तकांबरोबर आली नाही.

त्या परंपरेत 'असणे' हे क्रियापद ओशाळवाणे कधीच नव्हते. ॲरिस्टॉटलने विधानाचे विश्लेषण करताना उद्देश्य आणि विधेय यांच्या जोडीला येणारा तिसरा घटक म्हणून त्याचा विचार केला. मध्ययुगीन तर्कशास्त्राने त्याला 'कॉप्युला' म्हणजे दुवा असे नाव दिले. आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकांत 'संयोजक' आहे तो हाच. या विचाराचे टोक १६६० साली गाठले गेले. त्या वर्षी पॅरिसमध्ये आंत्वान आर्नो आणि क्लोद लांस्लो यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. पोर्ट-रॉयल या मठाच्या नावाने ते ओळखले जाते. क्रियापदाचे मुख्य कार्य क्रिया दाखवणे हे नसून होकार देणे, विधान ठामपणे करणे हे आहे, असे त्या दोघांनी मांडले. हे कार्य निर्भेळपणे करणारे क्रियापद एकच, 'असणे'. बाकीच्या सर्व क्रियापदांत तेच दडलेले असते. 'पीटर जगतो' म्हणजे 'पीटर जगणारा आहे'. या हिशेबाने 'आहे' हे एकमेव खरे क्रियापद ठरते आणि धावणे, खाणे ही त्याची मिश्रणे.

आपल्याकडे मात्र नेमक्या उलट टोकापासून सुरुवात झाली. पाणिनीने धातूंची यादी दिली आणि त्या यादीत 'भू' व 'अस्' यांना बिनतक्रार स्थान दिले. यादी देणाऱ्याला व्याख्या द्यावी लागत नाही. ती अडचण कात्यायन आणि पतंजली यांच्या वाट्याला आली. क्रिया सांगतो तो धातू असे म्हणावे, तर 'अस्', 'भू', 'विद्' यांना धातू म्हणता येईल का? महाभाष्यात हा वाद रीतसर चालतो, आणि त्यातली कसोटी आजच्या कोणत्याही वर्गात वापरता येईल अशी आहे. 'तो काय करतो?' असे विचारा. 'शिजवतो' हे उत्तर शोभते, म्हणून शिजवणे ही क्रिया. त्याच प्रश्नाला 'आहे' असे उत्तर कोणी देत नाही. आमच्या त्या विद्यार्थिनीने नकळत लावली ती हीच कसोटी.

त्याआधी यास्काने निरुक्तात वेगळी वाट काढली होती. आख्यातात 'भाव' प्रधान असतो असे त्याने म्हटले, आणि वार्ष्यायणीचे मत म्हणून भावाच्या सहा अवस्था सांगितल्या: जन्मणे, असणे, पालटणे, वाढणे, झिजणे, नाश पावणे. येथे 'असणे' हा जन्म आणि बदल यांच्या मधला एक टप्पा आहे. घडण्याच्या प्रवाहातच त्याला जागा मिळाली. पुढे भर्तृहरीने आणि त्याच्या परंपरेने क्रियेचीच कल्पना विस्तारली. वस्तू 'आहे' म्हणजे ती स्वतःच स्वतःला धारण करून राहिली आहे, आणि हे धारण करणे हाही व्यापारच. खडक नुसता पडलेला दिसतो, पण असण्याचे काम तो क्षणोक्षणी करीत असतो! व्याकरणाच्या अडचणीतून निघालेली इतकी सुंदर कल्पना आमच्या पाहण्यात दुसरी नाही. ती व्याकरणाच्या तासाला सांगावी की तत्त्वज्ञानाच्या, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

त्या विद्यार्थ्याच्या 'हा माझा भाऊ'चाही निकाल या परंपरेने लावून ठेवला होता. वाक्यात क्रियापद उच्चारलेले नसले तरी वर्तमानकाळी प्रथमपुरुषी 'अस्ति' तेथे असतेच, असे कात्यायनाचे वार्त्तिक आहे. (संस्कृत व्याकरणातला प्रथमपुरुष म्हणजे आपल्या हिशेबाने तृतीय.) आमचे नमुना उत्तर म्हणजे हे वार्त्तिकच, मात्र ते कोणाचे हे ना नमुना उत्तरात छापले होते, ना आम्हाला त्या वेळी आठवले. आणि हा निकाल सर्वांनी मान्य केला होता असेही नाही. नवद्वीपचा नैयायिक जगदीश याने सतराव्या शतकात 'शब्दशक्तिप्रकाशिके'त क्रियेवाचून वाक्य नाही हे प्राचीनांचे मत निराधार म्हणून झटकून टाकले. नैयायिकांच्या बाजूने दिले जाणारे एक उदाहरण मोठे मार्मिक आहे. 'काळ तीन' या वाक्यात 'आहेत' हे वर्तमानकाळी क्रियापद कसे घालणार? भूत आणि भविष्य हे काळ तर वर्तमानात नाहीत. म्हणजे 'या वाक्यात क्रियापद नाही' असे लिहिणारा आमचा विद्यार्थी नैयायिकांच्या पंक्तीत बसला होता आणि आम्ही वैयाकरणांची लाल शाई वापरत होतो.

आता मराठीकडे येऊ. १८०५ साली श्रीरामपूरहून विल्यम केरीचे मराठी व्याकरण इंग्रजीत निघाले होते. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आणि शाळाशाळांतून रुजलेले व्याकरण मात्र दादोबा पांडुरंगांचे, १८३६ सालचे. शब्दांच्या जातींची चौकट इंग्रजी आणि त्या जातींची नावे संस्कृत, अशी जी जोडणी मराठी व्याकरणात तेव्हापासून स्थिरावली, तिचे मोठे श्रेय आणि थोडे अपश्रेय दादोबांकडे जाते. या जोडणीत एक बारीक घोटाळा झाला. इंग्रजीतील 'व्हर्ब' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ नुसता 'शब्द' एवढाच आहे. त्यात क्रियेचा गंधही नाही. म्हणून त्या काळी सर्वत्र चालणाऱ्या लिंडले मरेच्या व्याकरणाला (१७९५) असणे, करणे आणि सोसणे ही तिन्ही एका व्याख्येत सुखाने बसवता आली. मराठीत त्या जागी 'क्रियापद' हा शब्द आला. संज्ञेतच क्रिया आहे. पतंजलीने ज्या शब्दावर एवढा काथ्याकूट केला तो शब्द त्या काथ्याकुटाशिवाय आपल्या पाठ्यपुस्तकात आला. त्याच पुस्तकात पुढे इंग्रजीतून संयोजक क्रियापदांची कल्पना आली. मग मुलांना शिकवावे लागले की क्रियापद क्रिया दाखवते, आणि काही क्रियापदे क्रिया दाखवत नाहीत. दोन प्राचीन मतांची टोके एकाच पानावर आणि मधला वाद गाळलेला.

आपल्या वैयाकरणांना हे कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तून लिहिलेले आणि १८९३ साली पुस्तकरूप झालेले व्याकरणावरील निबंध, मोरो केशव दामले यांचे १९११चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण', हे विचारी माणसांचे काम आहे. केशवसुतांच्या या धाकट्या बंधूने पूर्वसूरींची मते एकेक घेऊन इतकी तपासली आहेत की त्यांचा ग्रंथ म्हणजे त्या काळापर्यंतच्या मराठी व्याकरणविचाराची दिवाणी कचेरीच वाटते. पण मराठी वैयाकरणांची बुद्धी खर्ची पडली ती प्रामुख्याने प्रयोगविचारात. कर्तरी, कर्मणी, भावे, त्यांचे संकर आणि त्यांवरचे रणकंदन! 'रामाने रावणाला मारले' या जातीच्या वाक्यांवर जेवढी शाई सांडली त्याच्या शतांशानेही 'आंबा गोड आहे'वर सांडली नसेल. कारण उघड आहे. 'आहे'चे वाक्य निमूटपणे कर्तरी असते, त्यात भांडण्यासारखे काही सापडत नाही. १९६४ साली अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' लिहून मराठीला परक्या साच्यांतून सोडवण्याचा आग्रह धरला. तो आग्रह पाठ्यपुस्तकांच्या 'आहे'पर्यंत मात्र पोचलेला दिसत नाही.

परके साचे बाजूला ठेवून मराठी काय करते ते पाहिले तर? आम्ही दोन-तीन वर्षे वर्गात हा उद्योग केला. प्रारंभ नकारापासून केला, कारण नकारात भाषा आपले कप्पे उघडे करते. 'तो घरी आहे' याचा नकार 'तो घरी नाही'. 'आंबा गोड आहे' याचा नकार 'आंबा गोड नाही'. आणि 'हा माझा भाऊ' याचा? 'हा माझा भाऊ नव्हे.' मराठीत दोन जोड्या आहेत: 'आहे-नाही' आणि 'होय-नव्हे'. दुसरी जोडी 'होणे'च्या घरातली. व्याकरणाच्या पुस्तकातल्या व्याख्या 'म्हणजे सर्वनाम होय', 'म्हणजे विशेषण होय' अशा संपतात तेव्हा त्या याच 'होय'वर टेकलेल्या असतात. क्रियापदाची व्याख्या पाठ करताना मुले ज्या शब्दावर थांबतात तो शब्द त्या व्याख्येत बसत नाही, हे आमच्याही ध्यानात फार उशिरा आले.

येथे इंग्रजी विभागणी आणि मराठी विभागणी यांची फारकत होते. इंग्रजीच्या हिशेबाने 'आंबा गोड आहे' आणि 'तो शिक्षक आहे' ही दोन्ही संयोजक क्रियापदाची वाक्ये. 'तो घरी आहे' हे स्थान सांगणारे, म्हणून निराळे. मराठीत गोडी आणि घरी असणे एका बाजूला पडतात, दोन्हींचा नकार 'नाही'. ओळख पटवणे, हा तोच किंवा हा तो नव्हे असे ठरवणे, दुसऱ्या बाजूला. ही रेघ सर्वत्र स्वच्छ आहे असा आमचा दावा नाही. 'हे बरे नव्हे', 'हे योग्य नव्हे' असे आपण म्हणतोच, आणि तेथे विशेषण आहे. पण त्या वाक्यांत वर्णनापेक्षा निवाडा अधिक असतो. आंब्याची चव सांगणे वेगळे आणि वागणुकीवर निकाल देणे वेगळे. 'मी नव्हे, त्याने सांगितले' यातही निवाडाच आहे. भूतकाळात गेल्यावर मात्र हा भेद मावळतो. 'तो घरी नव्हता' आणि 'तो शिक्षक नव्हता' यांत एकच रूप दोन्ही कामे करते.

आणि होकार देण्यासाठी आपण काय म्हणतो? 'होय'. क्रियापदाचे खरे कार्य होकार देणे असे पोर्ट-रॉयलवाल्यांनी तर्काने सिद्ध करू पाहिले. मराठीत दुवा जोडणारे क्रियापद आणि होकाराचा उद्गार हा एकच शब्द आहे. आर्नो आणि लांस्लो यांना मराठी येत असते तर त्यांचे एखादे प्रकरण आखूड झाले असते.

आणखी एक भेद इंग्रजी 'इज'मध्ये बुडून जातो. 'हा कावळा काळा आहे' आणि 'कावळा काळा असतो'. पहिले डोळ्यांसमोरच्या पक्ष्याविषयी, दुसरे कावळ्याच्या जातीविषयी. 'भूत आहे का?' असे विचारणारा माणूस या वाड्याविषयी विचारतो, 'भूत असते का?' असे विचारणारा विश्वाविषयी. इंग्रजीतले 'इज' अस्तित्व, ओळख, गुण असे नाना अर्थ एकाच रूपात कोंबते, आणि बर्ट्रंड रसेलने १९१९ साली गणिताच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या पुस्तकात त्याबद्दल मानवजातीलाच बोल लावला. त्या मानवजातीतून मराठी माणसांना काही प्रमाणात सूट मिळायला हरकत नव्हती.

'सोने हा धातू आहे' यासारख्या वाक्यात तर दुव्याचे काम क्रियापदाने सर्वनामाकडे सोपवले आहे. सोने नपुंसकलिंगी, पण मधले 'हा' धातूच्या लिंगाने चालते. 'आहे' काढून टाकले तरी 'सोने हा धातू' यातली जोडणी पुसत नाही. 'वाचन म्हणजे चैन' यात तर 'म्हणणे' या चांगल्या क्रियादर्शक धातूने आपली क्रिया सोडून बरोबरीच्या चिन्हाचे काम पत्करले आहे. अशा वाक्यांत क्रियापद शोधा म्हटल्यावर मुलाने 'नाही' लिहिले तर त्याला वेडा ठरवता येत नाही.

क्रियादर्शक आणि संयोजक हा भेद शिकवूच नये असे आमचे म्हणणे नाही. उलट तो मराठीत फार बहारीने शिकवता येतो, कारण आपली रोजची कामकरी क्रियापदेच संयोजकाचा वेष घेतात. 'तो घरातून निघाला' आणि 'तो लबाड निघाला'. 'दगड पायाला लागला' आणि 'आंबा आंबट लागला'. 'डोंगर दिसतो' आणि 'ती आजारी दिसते'. 'ओझे उचलून दमला, खाली पडला' आणि 'आजारी पडला'. येथे 'आहे' घालून पाहण्याची कसोटी बऱ्याचदा चालते, पण ती फसवतेही: 'तो घरी राहतो' याचे 'तो घरी आहे' सहज होते, म्हणून 'राहणे' संयोजक ठरत नाही. त्यापेक्षा मधला शब्द काढून पाहण्याची जुनी पूरकाची कसोटी बरी. 'तो लबाड निघाला' यातून 'लबाड' काढा. 'तो निघाला' उरते आणि माणूस एकदम दारातून बाहेर पडतो! वर्ग हसतो, आणि ज्या अर्थाने हसतो तो अर्थ पुन्हा विसरत नाही.

एका गोष्टीची मात्र रुखरुख आहे. 'नव्हे' हळूहळू ओसरते आहे. शहरातील विद्यार्थ्यांच्या लेखनात 'तो माझा भाऊ नाही' हेच सर्रास दिसते. ते चूक आहे असे म्हणण्यात आता अर्थ नाही, भाषा तिकडे चालली आहे. पण खेड्यांतून येणारी मुले घरी 'व्हय' आणि 'न्हवं' म्हणतात. कोकणी बोलणाऱ्यांकडे 'ना' आणि 'न्हय' हा भेद खणखणीत आहे: 'तो घरांत ना', पण 'तो मास्तर न्हय'. म्हणजे ओळख आणि स्थिती यांतली ही रेघ ज्यांच्या तोंडात अजून शाबूत आहे, त्याच मुलांना आपण कॉलेजच्या पहिल्या महिन्यात 'न्हवं' म्हणायची लाज वाटायला लावतो, आणि नंतर तोच भेद त्यांना इंग्रजी उदाहरणांनी समजावतो.

गेल्या खेपेला आम्ही 'हा माझा भाऊ' हे वाक्य पुन्हा घातले. प्रश्न तेवढा बदलला: या वाक्याचा नकार करा आणि तुमच्या घरी तो कसा करतात तेही लिहा. बहुतेकांनी 'नाही' लिहिले. काहींनी 'नव्हे' लिहून घरच्या रकान्यात 'नाही' लिहिले, काहींनी नेमके उलट. सावंतवाडीकडच्या एका मुलाने दोन्ही रकान्यांत 'न्हय' लिहून वरचे 'न्हय' खोडले होते. त्या खोडलेल्या 'न्हय'ला आम्ही पूर्ण गुण दिले.